मंदाचा डावा पाय

जानेवारी अर्धा सरला की माझी नजर माणसांच्या चेहऱ्यांवरून घसरून पायांवर जाते. दोन्ही पाय सारखे आहेत ना, एका पायाची चप्पल दुसऱ्यापेक्षा घट्ट बसलीय का, एकाच घोट्यात पैंजण रुतलंय का. समोरचं माणूस काहीतरी बोलत असतं आणि मी हूं हूं करत त्याच्या पोटऱ्या न्याहाळत असते. बायकांचं ठीक आहे, पण परक्या पुरुषांच्या पायांकडे असं टक लावून बघणं बरं दिसत नाही, हे नवऱ्याने मला समजावून सांगितलंय. त्याचं म्हणणं पटतं आणि तरी नजर जातेच.

ही सवय मला गुलाबांच्या हंगामाने लावली. पवन मावळात, बेडशाच्या लेण्यांच्या डोंगराखाली माझं माहेर आहे. आमच्या वावरात पूर्वी भात असायचं. आता धाकट्या भावाने, संदीपने, तिथे दहा गुंठ्यांचं पॉलीहाऊस उभं केलंय आणि त्यात लाल गुलाब लावलेत. फेब्रुवारीत लांबच्या कुठल्या शहरात कोण कुणाला फूल देऊन काय विचारतं, याच्याशी आमच्या गावाचा तसा काही संबंध नाही. पण त्या एका दिवसासाठी जानेवारीच्या शेवटी आमच्याकडे कुणाला जेवायची शुद्ध राहत नाही. कळी एक दिवस जास्त झाडावर राहिली की उमलते, आणि उमललेलं फूल कोणी घेत नाही. त्यामुळे लग्न झालेल्या मुली, पुण्याला शिकणारी पुतणी, रिटायर झालेले मामा, सगळे या दिवसांत गावाकडे हात लावायला येतात. मीही कंपनीत रजा टाकून जाते.

माझं घर तळेगावजवळ वराळ्यात आणि नोकरी नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक नग खोटा आहे असं धरून हातात घ्यायचा, त्याला मापाचा गेज लावायचा, आणि त्यातून सुटला तरच खरा म्हणायचा, हे माझं काम. इतकी वर्षं हे केल्यावर घरी येऊन दूधवाल्यावर, औषधवाल्यावर, नातेवाइकांवर भाबडा विश्वास ठेवायचा म्हणजे अवघडच जातं. संदीप म्हणतो, "ताई देवळात गेली तरी मूर्ती कुटं चिरलीबिरलीय का बघती." देवाच्या बाबतीत मी अजून तितकी पुढे गेलेली नाही.

पहाटेच्या थंडीत पॉलीहाऊसचं दार सरकवून आत गेलं की ओल्या मातीचा आणि कालच्या फवारणीतल्या गंधकाचा वास एकदम नाकात भरतो. वरच्या प्लास्टिकवरून दव टपटपत असतं. दोन वाफ्यांमधली वाट एवढी अरुंद की आडवं चालावं लागतं, आणि दोन्ही बाजूंनी काटे ओढत असतात. बायका साडीवर नवऱ्याचे जुने शर्ट घालतात. हातांवर फाटक्या जीन्सच्या पायांच्या बाह्या चढवतात. एवढं करूनही संध्याकाळी जो तो दिव्याखाली बसून सुईने आपापले काटे काढत असतो. आणि गंमत म्हणजे एवढ्या लाखमोलाच्या गुलाबांना वासच नसतो. नाक खुपसून बसलं तरी पानांचा हिरवट वास येतो, बस्स.

त्या वर्षी याच गोष्टीने आमची पंचाईत केली होती. कोरोनाची तिसरी लाट म्हणत होते ती. दुसऱ्या लाटेसारखी भीती तिची नव्हती, लोक 'सर्दीच आहे' म्हणून मोकळे होत होते. पण वास गेला तर तो कोरोना, एवढं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि आमच्या गुलाबांना वासच नाही, मग कळणार कसं? बायका गुपचूप गंधकाच्या पोत्यापाशी जाऊन हुंगून यायच्या. कोणी त्या कोपऱ्यात दिसलं की बाकीच्या एकमेकींना डोळ्यांनी खुणवायच्या. कोणी खोकलं की चार माना वळायच्या आणि खोकणारी लगेच म्हणायची, "ठसका लागला." त्या हंगामात आमच्या पॉलीहाऊसमध्ये जेवढे ठसके लागले तेवढे पुढे-मागे कधी लागले नाहीत.

तपासणी कोणी करून घेत नव्हतं. एकाची पॉझिटिव्ह निघाली की सगळ्यांना घरी बसवतील, आणि कळ्या कोणासाठी थांबतात? संदीपचा संशय तर आणखी खोल होता. आदल्या उन्हाळ्यात आमच्या काकांना गाडीतून नेलं ते परत आले प्लास्टिकमध्ये गुंडाळून. तोंड बघू दिलं नाही. संदीप त्या वेळी दवाखान्याच्या बाहेरच्या फाटकाशी उभा होता. त्या प्लास्टिकात काका होते की दुसरंच कोणी, हा प्रश्न त्याने तेव्हा मोठ्याने विचारला नाही, पण तो त्याच्या मनातून कधी गेलाही नाही. दवाखान्याचं नाव काढलं की त्याचा चेहरा दगडासारखा होई.

मंदा म्हणजे माझी भावजय, संदीपची बायको. ती त्या पॉलीहाऊसचा कणा आहे. कुठली दांडी आज कापायची आणि कुठली उद्यावर ठेवायची, हे ती लांबून बघून सांगते. संक्रांतीच्या आसपास तिला ताप आला. अंग मोडून आलं, घसा बसला. घरी पडून राहा म्हटलं तर ऐकेना. मग संदीपनेच तोडगा काढला. कटिंगला उभं राहायचं नाही, शेडमध्ये बसून ग्रेडिंग करायचं, म्हणजे दांड्या लांबीप्रमाणे लावून जुड्या बांधायच्या. बसून काम म्हणजे आराम, असं सगळ्यांनाच वाटलं. दिवसचे दिवस ती त्या बुटक्या स्टुलावर गुडघे मुडपून बसली. पाणी प्यायलं तर उठावं लागतं म्हणून पाणीही बेताचंच प्यायची. ताप उतरला आणि सगळे म्हणाले, सुटलो.

मी गेले तेव्हा ती बरी झालेली होती. चुलीपाशी बसून तिने मला चहा दिला आणि उठताना डाव्या पायावर जरा अडखळली.

"काय गं?"

"काय न्हाई ओ ताई. पायात गोळा आल्यावानी झालंय. काटाबिटा भरला आसंल."

तिने साडी जराशी वर केली. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच मोठी दिसत होती. कातडी ताणून चकाकत होती, हात लावला तर गरम. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच. पण आमच्याकडे पाय सुजला की त्याचं पहिलं आणि शेवटचं कारण काटा. गुलाबात काम करणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. आणि काटा म्हटला की अनसामावशी.

मावशी वरच्या आळीत राहते. हाडाची प्रेमळ बाई. काटे काढण्यात तिचा हात एवढा हलका की लहान पोरं झोपेत असताना ती काटा काढून जाते. ती आली, मंदाचा पाय मांडीवर घेतला आणि बोटांनी चाचपायला लागली.

"भरलाय," मावशी म्हणाली. "लय आत गेलाय. काटा चालतो बरं का बाय. आज हितं आसतो, उद्या तितं. येळंवर काढला न्हाई तर वर वर जातो आन काळजात शिरतो."

मग तिने कोमट तेल घेतलं आणि घोट्यापासून गुडघ्याकडे पाय रगडायला सुरुवात केली. काटा तोंडाशी यावा म्हणून. मंदा पदर दातात धरून बसली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हटलं, "मावशी, जरा हळू." मावशी म्हणाली, "हळू करून काटा न्हाई निघत." रगडून झाल्यावर तिने रुईचा चीक लावला, सुईने जरासं उकरलं, आणि खरंच सांगते, काटा निघाला. तांदळाच्या कणीएवढा, काळा, मोडका. मावशीने तो तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला. मंदाची सासू, म्हणजे माझी आई, हात जोडून म्हणाली, "सुटली माजी लेक."

त्या काट्याने सगळ्यांची तोंडं बंद केली. पुरावाच होता ना हातात. माझी मात्र काही केल्या समजूत पटेना. आमच्या कामात एक गोष्ट वारंवार दिसते. मोठा दोष शोधत असताना एखादा लहानसा दोष सापडतो आणि माणूस समाधानाने शोध थांबवतो. गुलाबात काम करणाऱ्या कुणाच्याही अंगात शोधायला गेलं तर काटा हा सापडणारच. माझ्या सुजल्याबिजल्या नसलेल्या पायात शोधला असता तरी दोन निघाले असते. मी संदीपला म्हटलं, "एवढ्याशा काट्याने एवढा पाय सुजतो? उद्या तळेगावला दाखवून आणू."

"ताई, ही तुजी कंपनी न्हाई, समदं रिजेक करायला. निघाला ना काटा?"

"निघाला. पण सूज कुठे उतरली?"

"उतरंल. आजच निघालाय. आन आत्ता दवाखान्यात न्यायची म्हंजे आदी त्यांची ती टेस. मग घरावर पाटी. तुला म्हाईत न्हाई का?"

त्याच्या आवाजातला राग माझ्यावर नव्हता, हे मला कळत होतं. तो अजून त्या फाटकाशीच उभा होता. मी गप्प बसले नाही, पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिले, तेव्हा आईनेच मला दटावलं. "तुला चांगलं बघवतच न्हाई का गं?" असं म्हणाली. मला रडू आलं. संशयी माणसाला लोक असंच समजतात, की त्याला वाईट व्हायला हवं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपार कलताना पिकअपमध्ये खोके भरून झाले होते, ताडपत्री आवळायची तेवढी बाकी होती. मंदा स्टुलावरून उठली, फुलांची बादली उचलली आणि चार पावलांवर बादली सोडून खाली बसली. फुलं पाण्यासकट पसरली. मला आधी वाटलं पाय गेला. जवळ गेले तर ती श्वास ओढत होती. ओठ पांढरे पडले होते.

"ताई, छातीवर कायतरी बसलंय," ती म्हणाली. "वर येऊ देत न्हाई."

संदीप धावत आला. मी त्याला काही सांगायला तोंड उघडणार, त्याआधीच त्याने तिला उचललं होतं. खोके उतरवायला वेळ नव्हता. पुढच्या सीटवर मंदाला मधे घेऊन आम्ही तसेच निघालो, मागे गुलाब हिंदकळत. कामशेतला जुन्या हायवेला लागलो आणि गाड्यांची रांग. रोग आला काय, गेला काय, लोणावळ्याला शनिवार-रविवार करणारी मंडळी घरी परतत होती. मागच्या काचेत चिक्कीच्या पिशव्या, हनुवटीवर मास्क, खिडकीतून बाहेर काढलेली पोरांची डोकी. संदीपचा हात हॉर्नवरून निघत नव्हता. कोणीतरी काच खाली करून त्याला शिवी दिली. मी मंदाचं मनगट धरून बसले होते आणि नाडी लागतेय का बघत होते. कधी लागायची, कधी माझीच मला लागायची. ती गेली तर या माणसाचं काय करायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता, आणि तिचा विचार करायच्या ऐवजी मी भावाचा करतेय म्हणून स्वतःची चीड येत होती.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी नाकाला ऑक्सिजनची नळी लावायला सांगितलं आणि विचारलं, "मागच्या महिनाभरात ताप, सर्दी, खोकला?"

"न्हाई," संदीप म्हणाला. सवयीने. गेले कित्येक दिवस हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सगळे हेच सांगत आलो होतो.

मंदाने नळी सांभाळत हात वर केला. "व्हय," ती म्हणाली. "मला झालता. समद्यांना झालता."

संदीप तिच्याकडे बघत राहिला. डॉक्टरांनी काही दोष दिला नाही. त्यांनी चादर बाजूला करून दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले आणि टेपने पोटऱ्या मोजल्या, आधी उजवी, मग डावी. ते बघून मला एकदम धीर आला. इथे कोणीतरी मोजतंय, असं वाटलं. मग पायाची सोनोग्राफी झाली, छातीचा स्कॅन झाला. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकला होता.

"कोरोनाचा ताप उतरला म्हणजे तो गेला असं धरू नका," डॉक्टर म्हणाल्या. "काही जणांच्या रक्ताला त्यानंतरही काही आठवडे गोठायची खोड लागते. सगळ्यांना नाही होत. पण ज्यांना होतं त्यांचा पाय असा एकीकडे सुजतो. त्यात या एकाच जागी बसून होत्या, पाणी कमी पीत होत्या." मग त्यांनी विचारलं, "पाय चोळला होता का?"

आम्ही दोघंही जमिनीकडे बघायला लागलो. "अशा वेळी चोळायचा नसतो," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. काटा चालतो आणि काळजात शिरतो, असं मावशी म्हणाली होती. तिच्या म्हणण्यातलं चालणं खरंच निघालं होतं, आणि आम्ही त्याला तेल लावून वाट दाखवली होती. हे मी मावशीला कधी सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर तिचे हात थरथरायला लागले असते, आणि बाकी सगळ्यांचे काटे कोण काढणार?

मंदाच्या पोटात रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली. संदीप बाहेर बाकावर बसला होता. मी म्हटलं, चहा घे, तर म्हणाला, "आत जाऊन ये. तीच हाय का बघ." मी म्हटलं, "अरे, आत्ता तर आपण दोघांनी पाहिली." "पुन्ना बघ," तो म्हणाला. मी गेले, पाहून आले, तीच आहे म्हणून सांगितलं. तासाभराने पुन्हा पाठवलं. त्या रात्री मी किती वेळा आत-बाहेर केलं कोण जाणे. शेवटी डॉक्टरांनी त्यालाच आत घेतलं. आत जाऊन त्याने मंदाच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग जे रडला ते मी आमचे वडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. खाली गाडीत गुलाब दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उभे राहून उमलले. त्यांच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

मंदा वाचली. घरी आली आणि गावभर संशयाचं पीक आलं. कोणी लशीकडे बोट दाखवलं. लस घेऊन कित्येक महिने झाले होते आणि डॉक्टरांनीही तो मुद्दा विचारून शांतपणे बाजूला ठेवला होता, पण बोट दाखवणाऱ्याला त्याचं काय? कोणी म्हणालं फवारणीचं औषध भिनलं, कोणी म्हणालं प्लास्टिकखाली माणूस शिजतो. एका काकूने आवाज खाली आणून नजर लागल्याचं सांगितलं आणि नाव घेतलं ते माझ्याच चुलतबहिणीचं. जो तो स्वतःच्या आवडीचा आरोपी धरून आणत होता. तापाचं नाव मात्र कोणी काढेना, कारण तो ताप सगळ्यांनाच येऊन गेला होता आणि सगळ्यांनीच लपवला होता. माझ्या आईने संध्याकाळी स्वतःचे दोन्ही पाय जवळ घेऊन बघायला सुरुवात केली. चोरून. मी बघतेय असं दिसलं की लुगडं खाली ओढायची.

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मंदाला काही महिने होत्या. मग डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि बंद करा म्हणाल्या. तिथे ती गोष्ट संपली असं आम्ही धरलं. वर्षं गेली. मास्क कपाटाच्या तळाशी गेले. तिसरी लाट म्हटलं तर आता लोकांना आठवावं लागतं. पॉलीहाऊसचं प्लास्टिक नवीन आलं. मंदाने बुटकं स्टूल जाळलं आणि उभ्याने ग्रेडिंग करायला उंच टेबल बनवून घेतलं. हसतखेळत होती. वरून पाहिलं तर दोन्ही पाय सारखे.

यंदा हंगामाला गेले, नेहमीसारखीच आधी पाय बघितले, निश्चिंत झाले. आम्ही दोघी टेबलाशी उभ्या राहून दांड्या लावत होतो. बोलता बोलता मंदाच्या बोटात काटा गेला. त्यात काय विशेष, आम्हाला सगळ्यांनाच जातो. तिने तो काढून टाकला, बोट तोंडात घातलं आणि कामाला लागली. थोड्या वेळाने खोक्याच्या कागदावर लाल ठिपके दिसले. तिने बोट पदराला पुसलं. पुन्हा ठिपके. मग पाणी घ्यायच्या निमित्ताने ती वळली आणि बोट बादलीत बुडवून उभी राहिली. एवढ्याशा टोचण्याचं रक्त इतका वेळ वाहत नाही, हे मला कळतं. मी शंका घेण्यात आयुष्य घालवलंय. आधी मनात आलं, हिला दुसरा काही रोग झालाय आणि हे दोघं माझ्यापासून लपवतायत. संदीपकडे बघितलं, तो पलीकडे फोनवर कुणाशी तरी भांडत होता, नेहमीसारखाच. मग हळूहळू दुसरी शंका आली आणि ती बसली बरोबर.

कोल्ड स्टोरेजच्या मागे तिला एकटी गाठली. "मंदा, गोळ्या घेतेस?"

आधी तिने कुठल्या गोळ्या म्हणून विचारलं. मग माझ्या तोंडाकडे बघून सोडून दिलं.

"गुलाब आले का चालू करती ओ ताई," ती म्हणाली. "हंगाम सरंस्तवर घेती, मंग बंद. जुनं पाकीट दावलं का देतात मेडिकलमधी. ह्यांना वाटतं रक्त वाढायच्या हायेत."

थंडी पडली की माणूस पेटीतून स्वेटर काढतो, तशी ही बाई दर जानेवारीला रक्त पातळ करायच्या गोळ्या काढत होती. इतकी वर्षं. आणि हातात कात्री, चहूबाजूंनी काटे. मला राग आला, भीती वाटली, दोन्ही एकदम. मी जोरात बोलले, "अगं, डोक्याला लागलं असतं, आतल्या आत रक्त गेलं असतं तर? डॉक्टरांनी बंद सांगितल्यात ना?"

"सांगितल्यात." ती खाली बघत होती. "त्यांचं खरं आसंल. पन त्या टायमाला मला काय कळलं व्हतं? पाय माजा, रक्त माजं. आतल्या आत वर चाललं व्हतं आन मी हितं बसून जुड्या बांदत व्हते. मला वाटलं काटा हाय. ताई, माणूस दुसऱ्यावर नजर ठेवंल. सोताच्या रक्तावर कशी ठेवायची?"

मी बाहेरच्या गोष्टींवर संशय घेते, रात्री झोपते. तिचा संशय तिच्या शिरांतून फिरत होता. तो कुठे ठेवून झोपणार? मी तिचं टोचलेलं बोट माझ्या रुमालात घट्ट दाबून धरलं आणि रक्त थांबेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. मला तिची फार दया आली. दया म्हणजे तरी काय, मला ती फार जवळची वाटली.

त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्या रागावतील म्हणून मंदा घाबरली होती, आणि त्या रागावल्याच. मग पुन्हा टेप काढला, सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. काही नव्हतं. गोळ्या आजपासून बंद, आणि आपल्या मनाने पुन्हा सुरू करायच्या नाहीत, असं त्यांनी बजावलं. कधी धावत यायचं तेही नीट सांगितलं. एक पाय सुजला, दुखला, दम लागला तर काटा शोधत न बसता सरळ या.

"मशीनला दिसलं न्हाई आसं झालं तर?" मंदाने विचारलं. तिचा हा प्रश्न ऐकून मला माझीच बहीण भेटल्यासारखं झालं.

"तर तुमच्या पायाला दिसेल," डॉक्टर म्हणाल्या. "त्याने मागच्या वेळीही सांगितलं होतं, आधी. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं नाही."

येताना गाडीत मंदा म्हणाली, "बंद करती. पन तुमी माजं एक करा. सकाळी उठल्या उठल्या मी तुमाला फोन करीन. उठले म्हणून. न्हाई आला फोन तर समजा."

"समजा म्हणजे काय समजा?"

"समजा," ती म्हणाली.

तेव्हापासून सकाळी मी डब्याची पोळी लाटत असताना तिचा फोन यायचा. "ताई, उठले." एवढंच. मी "बरं" म्हणायची आणि तिकडून फोन बंद. दुसरं काही बोलणं नाही. फोन येईपर्यंत माझी पोळी कधी सरळ गोल झाली नाही. कधी कधी तिच्या आवाजात जरासा दम आहे असं वाटायचं, मग मी कंपनीत जाऊन दिवसभर तो आवाज आठवून आठवून तपासत बसायची. या बाईने स्वतःची अर्धी भीती माझ्याकडे ठेवायला दिलीय, हे मला कळत होतं, आणि ती परत कधी नेणार हे विचारायची सोय नव्हती.

फेब्रुवारी लागला. हंगामाची सगळ्यात मोठी कापणी याच दिवसांत असते. त्या सकाळी फोन आला नाही. पोळ्या झाल्या, डबा भरला, चप्पल घातली, तरी नाही. मी लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मी सोसायटीच्या फाटकाशी कंपनीच्या बसच्या रांगेत उभी होते. संदीपला लावला. त्याने उचलायला एवढा वेळ घेतला की तेवढ्यात मी कामशेतचा रस्ता, तो हॉर्न, ती पांढरी पडलेली जिवणी, सगळं पुन्हा एकदा पाहून आले.

"काय गं ताई, येवड्या सकाळी?" तो म्हणाला.

"मंदा कुठाय?"

"मंदी? पॉलीहाऊसमधी. पाटंपासनं आत हाय. आज लय माल निगालाय. का गं?"

"तिला दे. आत्ताच्या आत्ता दे."

हाका ऐकू आल्या. पत्र्याचं दार सरकल्याचा आवाज आला, कोणीतरी हसलं, कात्री टेबलावर ठेवल्याचं ऐकू आलं. मग तिचा आवाज, घाईतला, धापेचा, कामाने आलेल्या धापेचा.

"बोला की ताई."

"अगं, फोन?"

मग ती म्हणाली, "आगं बया. इसरलेच की."

"विसरलीस?"

"व्हय." आणि मग सावकाश, स्वतःलाच सांगितल्यासारखं, "इसरले मी, ताई."

बस आली. माझ्या पुढची माणसं चढली, मी तिथेच राहिले. डोळ्यांतून जे पाणी यायला लागलं ते काही केल्या थांबेना. शेजारच्या इमारतीतल्या काकू भाजी घेऊन परत येत होत्या. त्या लगबगीने जवळ आल्या, माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "काही वाईट बातमी का हो?"

"नाही हो," मी म्हटलं. "माझी भावजय मला फोन करायला विसरली."

काकूंनी माझ्याकडे एकदा नीट निरखून पाहिलं. त्यांच्या नजरेतला संशय मला अगदी ओळखीचा होता. फाटकातून आत जाईपर्यंत त्या दोनदा मागे वळून बघून गेल्या.